अटल लॅब, इन्स्पायर मानक आणि खान्देशातल्या शाळा: मंजुरीनंतरचं काम

प्रयोगवही

विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण महत्त्वाचं आहे हे सरकारने मान्य केलं त्याला आता जमाना झाला. ४ मार्च १९५८ चा विज्ञान धोरण ठराव झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं ठेवा म्हटलं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्यच करून टाकलं. १९८७ पासून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. २०१५ ला राष्ट्रीय आविष्कार अभियान आलं, २०१६ ला नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून टिंकरिंग लॅब (मुलांनी हाताने उपकरणं बनवून शिकायच्या खोल्या, याच अटल लॅब) आल्या, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० लॅबची घोषणा झाली.

म्हणजे मान्यतेचा तुटवडा नाही. घोडं अडतं ते खोलीच्या कुलपाशी. पैसा येतो, खोकी येतात, उद्घाटनाची फीत कापली जाते आणि सामान कपाटात जातं. हा धागा त्या कपाटाबद्दल आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांना उपयोगी पडेल असं नेमकं लिहा: काय घ्यायचं, किती, काय बिघडतं, का बिघडतं. आपापल्या शाळेच्या कहाण्या आणि कुणाची उणीदुणी इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

लेखाशीर्ष

आधी पैशाचं बोलू, कारण निम्म्या लॅब तिथेच अडकतात.

अटल लॅबचं अनुदान एकूण २० लाखांपर्यंत. त्यातले १० लाख उभारणीचे आणि १० लाख पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाचे. हे दोन वेगळे डबे आहेत. यातलं त्यात सरकवलं की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कशावर खर्चला याचा हिशेब) जुळत नाही, आणि ते जुळलं नाही की पुढचा हप्ता थांबतो. प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ या नमुन्यात लागतं. अनुदानासाठी स्वतंत्र बचत खातं ठेवायचं, शाळेच्या किंवा संस्थेच्या दुसऱ्या खात्यातून एक रुपयाही फिरवायचा नाही. त्या खात्यावर पडलेलं व्याज शाळेचं नसतं, ते केंद्राच्या तिजोरीत परत भरावं लागतं. हे विसरलं जातं आणि तीन वर्षांनी शे-दोनशे रुपयांच्या व्याजावरून पत्रव्यवहार सुरू होतो.

जेम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या खरेदीत सगळ्यात कमी दराची बोली गळ्यात पडते. त्यामुळे मागणीत ‘रोबोटिक्स किट, १ नग’ असं लिहिलं की काय येईल ते तुमचं नशीब. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि नग लिहा. माल आल्यावर स्वीकृती प्रमाणपत्र द्यायला दहा दिवस असतात. त्या दहा दिवसांत खोकी उघडून प्रत्येक बोर्ड संगणकाला जोडून बघा. स्वीकृती दिल्यावर ‘सेन्सर चुकीचा आला’ म्हणून काही उपयोग नाही.

आणि आता खरी मेख: साठा नोंदवही. किट ‘१ नग’ म्हणून डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवलं की त्यातली तीन रुपयांची एलईडी जळाली तरी किट ‘अपूर्ण’ होतं. मग भरून द्यायच्या भीतीने शिक्षक मुलांना हात लावू देत नाहीत. उपाय सरळ आहे. किट फोडून नोंद करा. थ्रीडी प्रिंटर, ड्रिल, मल्टीमीटर, लॅपटॉप डेडस्टॉकला. एलईडी, रोध, तारा, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची छिद्रांची पाटी), सेन्सर, बॅटऱ्या, सोल्डर उपभोग्य वस्तूंच्या वहीत. दर सत्राच्या शेवटी जळालेल्या भागांची यादी करून शाळा समितीच्या सभेत निर्लेखन (वहीतून वजा करणं) करून घ्या. एका सहीचं काम आहे, पण कपाट उघडं राहतं ते त्याच सहीमुळे.

धडगाव_घाट

जागेची अट १५०० चौरस फूट आहे आणि डोंगराळ भागाला १००० अशी सवलत आहे, असं ऐकलं. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याला ती लागू होते का? आश्रमशाळांत एवढी मोकळी जागा कुठून आणायची?

लेखाशीर्ष

@धडगाव_घाट, ती १००० ची सवलत डोंगराळ आणि हिमालयीन राज्यं, बेटं, केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी लिहिलेली आहे. सातपुडा कितीही उंच असला तरी राज्य महाराष्ट्र आहे, तेव्हा १५०० धरूनच चाला. आपल्याकडची २० बाय २५ ची वर्गखोली म्हणजे ५०० चौरस फूट. तशा तीन सलग खोल्या किंवा एक हॉल आणि लागून एक खोली असं गणित बसवावं लागतं.

दुसरं म्हणजे योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथी, सातवी किंवा आठवीला संपतात आणि आपल्याकडे माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अनुदानित संस्थांवर आहे. ५०,००० च्या घोषणेत शब्द ‘सरकारी शाळा’ असा आहे. अनुदानित शाळांनी तो वाचून ढोल वाजवण्याआधी अर्ज मागवताना येणारी पात्रतेची अट अक्षर न् अक्षर वाचावी.

सोल्डर

सामानाबद्दल. ४० मुलांची तुकडी, चौघांचा एक गट, म्हणजे दहा गट धरले तर किमान एवढं लागतं: आर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्राम चढवून चालवायचा छोटा संगणक) १२ (दोन राखीव), यूएसबी केबल १५ (सगळ्यात आधी त्याच जातात), ८३० छिद्रांचे ब्रेडबोर्ड १२, जोडतारा तिन्ही प्रकारच्या मिळून ६००, २२० ओहम आणि १० किलोओहमचे रोध प्रत्येकी २००, एलईडी २००, डिजिटल मल्टीमीटर ५, २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न ४. सुरुवातीला यापेक्षा जास्त काही घेऊ नका. पहिल्याच वर्षी ड्रोन आणणाऱ्या शाळांना साष्टांग नमस्कार.

‘बोर्ड खराब आहे’ म्हणून बाजूला ठेवलेले निम्म्याहून जास्त बोर्ड चांगले असतात. स्वस्त उनोवर सीएच ३४० ही चिप असते, संगणकात तिचा ड्रायव्हर घातला नाही तर पोर्टच दिसत नाही. दुसरं कारण केबल: मोबाईल चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बोर्डाचा दिवा लागतो पण प्रोग्राम चढत नाही.

रोबोट गाडी हलत नाही, ही सगळ्या शाळांची तक्रार. त्यात मुलांच्या प्रोग्रामचा दोष क्वचितच असतो. किटबरोबर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते, ती घड्याळ-रिमोटच्या लायकीची. दोन मोटरींना लागणारा प्रवाह तिच्यातून निघत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. एल२९८एन हा मोटर चालक स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. म्हणजे चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरला ४ च मिळतात. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे ७.४ व्होल्ट द्या. पण सेल संरक्षण सर्किट असलेलेच घ्या. उघडा सेल खिशात नाण्यांबरोबर गेला तर आग लागते.

पाण्याचा छोटा पंप चालवायचा असेल तर आर्डुइनोच्या पिनेला थेट जोडू नका. पिनेमधून २० मिलीॲम्पियरच्या वर घेऊ नये, पंप २०० च्या आसपास मागतो. मधे मॉस्फेट (छोट्या संकेतावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) घाला, पण आयआरएफझेड४४एन नको. तो ५ व्होल्टवर पुरता उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड४४एन घ्या. दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि दुकानदार हमखास पहिला देतो. मोटरच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड उलटा, पट्टीची बाजू धनाकडे. बोर्डाच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॅटरीचा ऋण आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र जोडायचा. हा जोड विसरला तर काहीच चालत नाही.

२३० व्होल्टचा रिले (विजेच्या संकेतावर चालणारा स्विच) मुलांच्या हातात नको. शेतातला पंप दाखवायचा असेल तर तो १२ व्होल्टच्या नमुन्यावर दाखवा. खोलीला अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे वायरमनकडून पहिल्याच दिवशी तपासून घ्या. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी आणि काम झाल्यावर साबणाने हात.

काळीमाती

आपल्याकडे मुलं पहिला प्रकल्प कोणता करतात ते सांगायला नको. जमिनीतला ओलावा ओळखून ठिबक आपोआप चालू. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात दुसरं काय सुचणार, आणि सुचतं ते बरोबरच आहे. पण शंभरातले नव्वद नमुने टेबलावरच्या कुंडीत चालतात आणि शेतात झोपतात. कारणं अशी.

दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर सतत वीज देऊन ठेवला की विद्युत अपघटनाने काट्यांचा मुलामा काही आठवड्यांत उतरतो. तो वापरायचाच असेल तर वाचन घेण्यापुरती वीज द्या, एरवी बंद. त्यापेक्षा कपॅसिटिव्ह सेन्सर बरा, त्याचा धातू मातीला लागत नाही. मात्र त्याच्या १.२ आवृत्तीत काही बोर्डांवर टीएलसी ५५५ ऐवजी एनई ५५५ चिप लावलेली सापडते. तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणून ईएसपी ३२ या बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर ती धड चालत नाही. भिंगाखाली चिपवरची अक्षरं वाचून मगच विकत घ्या.

आता काळ्या मातीचा मुद्दा, जो परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. आपली रेगूर वाळली की आकसते. सेन्सरच्या पात्याभोवती फट पडते, सेन्सरला माती न दिसता हवा दिसते आणि वाचन एकदम ‘कोरडं ठक्क’ येतं. पाणी सोडलं की ते फटीतून पात्यापाशी आधी पोचतं, वाचन लगेच ‘ओलं’ होतं आणि पंप बंद. मुळं तहानलेलीच. म्हणून सेन्सर नुसता खुपसू नका. त्याच शेतातल्या मातीचा पातळ चिखल करून खड्ड्यात ओता, त्यात सेन्सर बसवा आणि दोन-तीन दिवस बसू द्या. जागा ड्रिपरच्या थेट खाली नको, १५ ते २० सेंमी बाजूला. केळीची कामाची मुळं बहुतेक वरच्या ३० सेंमीत असतात, तेव्हा खोली १५ ते २५ सेंमी पुरते. एका सेन्सरवर एकरभर शेताचा निर्णय घेऊ नका, किमान तीन जागा.

आकडे पट्टीवर आणणं (सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं): शेतातली माती उन्हात पसरून वाळवा आणि चाळून घ्या. सारख्या पाच डब्यांत प्रत्येकी १ किलो. त्यांत ०, १००, २००, ३००, ४०० मिली पाणी घालून नीट मळा, झाकून रात्रभर ठेवा. सगळ्या डब्यांत माती सारख्या उंचीपर्यंत दाबा, भुसभुशीत आणि दाबलेल्या मातीचं वाचन वेगळं येतं. सेन्सर पात्यावरच्या रेघेपर्यंतच घाला, प्रत्येक डब्याची पाच वाचनं घेऊन सरासरी काढा आणि आलेख काढा. तो सरळ रेघ येणार नाही, वाकडा येईल. वाकडाच वापरा. उन्हात वाळलेल्या काळ्या मातीतही थोडा ओलावा उरतोच. खरं शून्य हवं असेल तर १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवावी लागते. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत विनंती करून एक नमुना वाळवून आणता आला तर उत्तम.

मे_महिना

काळीमाती यांनी मातीचं सांगितलं, मी उन्हाचं सांगते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो आणि किटमधले सेन्सर काही आपल्याकडच्या उन्हासाठी घडवलेले नाहीत.

डीएचटी ११ हा निळा सेन्सर ०ते ५० अंश आणि २० ते ९० टक्के आर्द्रता एवढ्याच टप्प्यात चालतो, चूक २ अंशांपर्यंत. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० च्या खाली जाते, म्हणजे नेमकी ज्या वेळी नोंद हवी त्या वेळी त्याचा आकडा भरवशाचा नसतो. हवामानाचा प्रकल्प असेल तर पांढरा डीएचटी २२ घ्या: उणे ४० ते ८० अंश, ० ते १०० टक्के, चूक अर्ध्या अंशाची. आणि तो पत्र्यावर चिकटवू नका. झडपा असलेल्या पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून दीड मीटरवर, सावलीत वारा लागेल असा ठेवा. नाहीतर तुम्ही पत्र्याचं तापमान मोजताय.

अल्ट्रासोनिक सेन्सरची गंमत. टाकीतली पाणीपातळी मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये मुलं वेळेला ५८ ने भागतात, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. तो आकडा २० अंशांच्या आसपासचा, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून काढलेला. ४५ अंशांना वेग साधारण ३५८.६ होतो (३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान). म्हणजे १०० सेंमीचं अंतर ९६.२ दिसतं, टाकी आहे त्यापेक्षा चार सेंमी जास्त भरलेली. भाजक ५५.८ घ्या, किंवा तापमानाचा सेन्सर जोडून प्रोग्रामलाच काढू द्या. दहावीच्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही: सूत्र पुस्तकातलं, उन्हाळा आपला.

थ्रीडी प्रिंटरचा पीएलए (छपाईचा प्लास्टिक धागा, म्हणजे फिलामेंट) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलेला नमुना वाकतो. प्रदर्शनाला नेताना भुश्शाच्या खोक्यात, सावलीत न्या. पावसाळ्यात उलटं: फिलामेंट ओल धरतं, छापताना तडतड आवाज येतो, धागे सुटतात. ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. वीज जाते हे गृहीत धरून छपाई दीड तासाच्या आत संपेल अशा तुकड्यांत करा, मग तुकडे जोडा. सहा तासांचा गणपती छापायला लावला की साडेपाचव्या तासाला वीज जाणारच. संगणकाचा साधा यूपीएस तापलेल्या पाट्यासकट प्रिंटरला फार वेळ ओढत नाही.

जुनी_काचपात्रं

हाई बठ्ठं खरं शे भाऊ, पण एक विचारतो. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि भाग २ मिळून ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. ते २० गुण किती ठिकाणी जर्नल उतरवून दिले जातात? आर्डुइनो येण्याआधी ज्या खोलीवर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी आहे तिथे ब्युरेटचा नळ तरी फिरतो का? आधी तिथे पैसे घाला, मग रोबोट.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पावसाळ्यात बुरशी चढते, कारण तो लाकडी पेटीत तसाच बंद राहतो. जूनच्या आधी पेटीत सिलिका जेलची पुडी टाकायची, निळी गुलाबी झाली की तव्यावर परतून पुन्हा निळी करायची. खर्च नगण्य. दर्शक कागद संपले म्हणून प्रयोग बंद ठेवायचं कारण नाही. जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात उकळून गाळलेल्या अर्कात कागद बुडवून सावलीत वाळवा, आम्लात लालसर आणि आम्लारीत हिरवट होतो. संहत सल्फ्युरिक आम्ल विरळ करताना आम्ल पाण्यात, थेंबाथेंबाने. पाणी आम्लात ओतलं की उसळून तोंडावर येतं. प्रयोगशाळा परिचराचं पद रिक्त असलं की हे काम शिक्षकाच्या अंगावर पडतं आणि मग प्रयोग फळ्यावरच होतो. तो प्रश्न कुठल्याच लॅबच्या अनुदानाने सुटत नाही.

सोल्डर

@जुनी_काचपात्रं, परिचराच्या पदाबद्दल शंभर टक्के सहमत. ‘आधी ते, मग हे’ मात्र पटत नाही. दोन्ही अनुदानं वेगळ्या खिशातून येतात. रोबोट नाकारला म्हणून ब्युरेट मिळत नाही. उलट अटल लॅबचा मल्टीमीटर ओहमच्या नियमाच्या प्रयोगाला वापरा की. साठा वहीत देवाणघेवाणीची नोंद केली की झालं.

मानकवाला

इन्स्पायर मानकबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या साथीने चालते. मूळ गट सहावी ते दहावी, आता अकरावी-बारावीही. शाळेला पाच विद्यार्थ्यांची नामांकनं करता येतात. देशभरातून १० लाख कल्पनांचं लक्ष्य, त्यांतून १ लाखापर्यंत निवडून प्रत्येकी १०,००० रुपये नमुना बनवायला. पुढे जिल्हा, राज्य करत १०,००० मग १,००० आणि शेवटी ६०.

जागा नको, लॅब नको, अनुदानाची झंझट नको. तरी नामांकन शून्य असलेल्या शाळा दर तालुक्यात सापडतात. पायऱ्या: पोर्टलवर शाळेची एकदाच करायची नोंदणी, जिल्हा स्तरावरून मान्यता, मग विद्यार्थ्याची माहिती आणि कल्पनेचा सारांश आकृतीसह. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातात, त्यामुळे आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच हवं. वडिलांचं नाव मधे असणं-नसणं एवढ्यावरून पैसे परत जातात. खातं जूनमध्येच उघडून घ्या. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल रांगतं.

कल्पना पडतात त्या एकाच कारणाने: त्या नव्या नसतात. स्मार्ट कचरापेटी, अंधांची काठी, पाऊस आला की दोरीवरचे कपडे आत ओढणारं यंत्र हे परीक्षकांनी हजारदा पाहिलंय. सारांशात चार गोष्टी लिहा: अडचण कुणाची, आज ती कशी भागवतात, त्यात कुठे कमी पडतं, तुमच्यात वेगळं काय. मापं घातलेली हाताने काढलेली आकृती छापील चित्रापेक्षा बरी. आणि कल्पना मुलांचीच असू द्या, पुढच्या फेरीत प्रश्न त्यांना विचारतात.

चोपडा_रोड

आमच्याकडच्या मुलींना कपाशीच्या कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग आपोआप मोजायचे आहेत. इन्फ्रारेड किरण तुटला की एक मोजायचं. चालेल का?

काळीमाती

@चोपडा_रोड ताई, कल्पना झकास आहे, कारण तिच्यामागे खरा आकडा आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. निरीक्षणाला हेक्टरी ५ सापळे लावतात. रोज सकाळी शेतात जाऊन ते मोजायचा कंटाळा हीच खरी अडचण, ती सारांशात पहिल्या ओळीत लिहा.

किरणात अडचण अशी की एकच पतंग फडफडत पाच वेळा किरण तोडतो. नरसाळ्याच्या अरुंद गळ्याशी एकाखाली एक असे दोन किरण लावा, २ सेंमी अंतरावर. वरचा तुटून मग खालचा तुटला तरच एक मोजा, आणि त्यानंतर तीन सेकंद मोजणी बंद. पतंग रात्री येतात हे सोयीचं आहे. दिवसा ऊन थेट ग्राहीवर पडून खोटी मोजणी होते, म्हणून संध्याकाळी ७ ते सकाळी ६ एवढीच मोजणी ठेवा आणि ग्राही काळ्या नळीत बसवा. त्यानंतर किमान १५ रात्री यंत्राचा आकडा आणि हाताने मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. तो तक्ता जोडला की परीक्षक निम्मे प्रश्न विचारतच नाहीत. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर बघा, जुनी ल्यूर असेल तर यंत्र बरोबर चालूनही आकडा शून्य येईल.

धडगाव_घाट

@काळीमाती, कपॅसिटिव्ह सेन्सर पहिल्याच पावसात गेला. कुठून पाणी शिरतं?

काळीमाती

बोर्डाच्या कापलेल्या कडांतून. वरच्या रंगाचा थर कडांवर नसतो, तिथून पाणी आत झिरपतं. कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. वरचा चिपचा भाग हीट श्रिंक नळीत घालून दोन्ही तोंडं गरम गोंदाने बंद करा. हे सगळं आकडे पट्टीवर आणायच्या आधी, कारण लेप लावल्यावर वाचन थोडं सरकतं.